कॉफीचा ताजा दाणा घरपोच मागविताना

वडिवळ्याला धरणाच्या पाण्याजवळ माझ्या बहिणीचा मुलगा चार खोल्यांचे छोटेसे अतिथिगृह चालवितो. त्याच्याकडचे पडदे, चादरी, उशांचे अभ्रे माझ्याच दुकानातून जातात. मागच्या मे महिन्यात त्याचा फोन आला. "मामू, मुंबई-पुण्याचे पाहुणे सकाळी कॉफी मागतात. बरणीतली झटपट कॉफी दिली की दोन घोट घेऊन कप तसाच ठेवतात. म्हणतात, ताजे भाजलेले दाणे दळून द्या. ते कुठून आणायचे?"

मी तीस वर्षे खरेदी करतो आहे. म्हटले, यात काय मोठेसे! ओळखीतून एका घाऊक विक्रेत्याचा पत्ता मिळाला. किलोला ११०० रुपये भाव ठरला. १५ किलो एकदम उचलले तर भाव इतका उतरतो, नाहीतर पाचव्या हिश्शाने जास्त पडतो, असे त्याने सांगितले. कापडवाल्याला हे गणित पटकन कळते. १६,५०० रुपये मोजले, माल आला, दोन किलो भाच्याला दिले आणि बाकीचा आमच्या गोदामात चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवला. पाऊस सुरू झाला. ऑगस्टमध्ये पुण्याच्या एका पाहुण्या बाईने कप परत केला आणि सरळ सांगितले, "कॉफीला कपड्यांच्या कपाटाचा वास येतो." बाईंचे बरोबर होते. गोदामात डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या होत्या, आणि भाजलेल्या दाण्याने त्यांचा वास पुरता ओढून घेतला होता. तोवर ४ किलो संपली होती. ११ किलो, म्हणजे १२,१०० रुपयांचा माल, फेकून द्यावा लागला.

विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याने जे सांगितले ते दिले. चूक माझी होती. मी कॉफी थानासारखी घेतली. त्यानंतर वर्षभर या मालाविषयी जे विचारले, वाचले आणि चाखून पाहिले, ते इथे देत आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांची खाणावळ, बेकरी, हॉटेल किंवा घाटावर भाड्याने देण्याचा बंगला आहे. घरी पाहुण्यांसाठी चांगली कॉफी ठेवावी असे वाटणारेही पुष्कळ आहेत. त्यांना याचा उपयोग व्हावा.

प्रथम माल म्हणजे काय ते समजून घेऊ. आपण जिला कॉफीची बी म्हणतो ती एका लाल फळाच्या आत असते. बहुतेक फळांत दोन चपट्या बिया, काही थोड्या फळांत एकच गोल बी. या गोल बीला बाजारात 'पीबेरी' म्हणतात. फळाचा गर काढून बी सुकविली की ती हिरवट दिसते. ही हिरवी बी म्हणजे आपल्या भाषेत ग्रे कापड. कोरा माल. नीट कोरड्या जागी ठेवली तर कित्येक महिने टिकते. तिच्यात १० ते १२ टक्के ओलावा असतो आणि तिला कॉफीचा वास जवळजवळ नसतोच. कॉफीचा रंग, वास, चव हे सगळे भाजणीत येते. प्रोसेस हाऊसमध्ये ग्रे कापडाला रंग आणि फिनिश चढते, तशी ही भाजणी. दाणे दोनशे अंशांच्या आसपास तापले की मक्याच्या लाह्यांसारखे तडतडतात. तिथून पुढे किती वेळ भाजायचे यावर हलकी, मध्यम, गडद अशी शेड ठरते.

मात्र इथे कापडाची उपमा संपते. रंगविलेले कापड दोन वर्षे कपाटात राहिले तरी कापडच राहते. भाजलेला दाणा पहिल्या दिवसापासून उतरू लागतो. त्याच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडत राहतो आणि हवेतला प्राणवायू आत शिरून त्याच्या तेलाला खवट करतो. म्हणून भाजल्यानंतर चार-पाच दिवस थांबून वापरायला घ्यावा आणि महिना-दीड महिन्यात संपवावा, असा या धंद्यातील जाणकारांचा साधारण हिशेब आहे. दळलेल्या पावडरीचे आयुष्य त्याहून फार कमी. दळली की काही दिवसांत तिची मजा जाते. चांगल्या पुडीवर आपल्याला एक छोटे भोक पाडलेले बटण दिसते. ती एकतर्फी झडप असते. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. पुष्कळांना वाटते ती दाबून वास घेण्यासाठी असते. मलाही तसेच वाटत होते.

भाजणीत वजन घटते, हेही व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे. शेड जितकी गडद तितकी घट जास्त. साधारण १२ ते २० टक्के धरावी. समजा हिरवा माल ५०० रुपये किलोने पडला आणि १५ टक्के घट आली, तर भाजलेला किलो ५८८ रुपयांच्या खाली पडूच शकत नाही. त्यावर गॅस, मजुरी, पुडी, कुरियर आणि ५ टक्के जीएसटी. म्हणून कुणी फार स्वस्तात 'गॉर्मे' दाणा देत असेल तर तो जुना आहे, हलका आहे किंवा दोन्ही आहे, असे समजावे. 'गॉर्मे' या शब्दाला बाजारात काही माप नाही. तो आपल्याकडच्या 'एक्स्ट्रा सुपर फाइन'सारखा आहे, कुणीही छापावा. 'स्पेशालिटी' या शब्दाला मात्र माप आहे. शिकलेले चाखणारे ठरलेल्या पद्धतीने कॉफी चाखून शंभरपैकी गुण देतात आणि ८० किंवा त्यावर गुण मिळाले तर ती स्पेशालिटी. अर्थात पुडीवर शब्द छापला म्हणजे चाचणी झालीच, असे नाही. पण विचारायला हरकत नाही, आणि खरा विक्रेता उत्तर देतो.

आता हा दाणा येतो कुठून? जवळजवळ सगळा दक्षिणेतून. देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के एकट्या कर्नाटकात पिकते. त्यानंतर केरळ आणि तमिळनाडू, आणि अलीकडे आंध्रातील अराकूचे नाव झाले आहे. आपल्या महाराष्ट्रात मेळघाटात चिखलदऱ्याला थोडीशी होते. इंग्रजांच्या काळात तिथे लागवड झाली होती. पण त्या मालावर बाजार चालत नाही. मावळात पाऊस आहे, डोंगर आहे, म्हणून इथेही होईल असे भाच्याच्या एका पाहुण्याने त्याला सांगितले होते. आपल्याकडे इंद्रायणी भात उत्तम होतो, तेवढे पुरे.

कर्नाटकातल्या चिकमगळूरजवळ ज्या डोंगरांना बाबा बुडनगिरी म्हणतात, त्यांचे नाव कॉफीच्या इतिहासाशी जोडलेले आहे. सतराव्या शतकात बाबा बुडन हे बुजुर्ग हजहून परतताना यमनच्या मोखा बंदरातून सात बिया घेऊन आले आणि त्या या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. त्याकाळी अरब व्यापारी उगवणारी बी देशाबाहेर जाऊ देत नसत. यमनमध्ये त्याच्याही दोनशे वर्षे आधीपासून सूफी लोक रात्रीच्या इबादतीत जागे राहण्यासाठी कॉफी घेत. अरबीतला 'कहवा' तुर्कांकडून युरोपात जाता जाता 'कॉफी' झाला. आम्ही उर्दू शाळेत कहवा हा शब्द वाचला तेव्हा मास्तरांनी काश्मिरी चहा असा अर्थ सांगितला होता. काश्मिरात तसे आहेही. आणि बीला अरबीत 'बुन' म्हणतात, त्याचाच जुन्या मराठीतला 'बुंददाणा'. सांगायचे एवढेच की हा माल आपल्या लोकांना परका नाही.

मळ्याच्या नावाने दाणा विकत मिळणे ही मात्र नवी गोष्ट आहे, आणि तिचे कारण समजले तर पुडीवरचे लेबल वाचता येते. १९४२ च्या कायद्यानंतर मळेवाल्याला आपले पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावे लागे. बोर्ड ते लिलावाने विकत असे. कल्पना करा, मालेगावच्या पन्नास लूमवाल्यांचे कापड एकाच ढिगात टाकले आणि ढिगाला एक भाव काढला, तर चांगले विणणारा कशासाठी मेहनत करील? १९९२ पासून हे बंधन थोडे थोडे सैल झाले आणि १९९६ मध्ये सगळा माल खुला झाला. मग मळेवाले आपल्या नावाने विकू लागले. तरीसुद्धा उत्तम माल पुष्कळसा परदेशीच जात राहिला. २०१३ मध्ये दिल्लीत 'ब्लू टोकाई' या कंपनीने मळ्याचे नाव आणि भाजल्याची तारीख छापून, मागणीप्रमाणे भाजून, घरपोच पाठविण्याचा धंदा सुरू केला. त्यानंतर अनेक निघाले. नागपूरला 'कॉरिडॉर सेव्हन' आहे, मुंबईत वांद्र्याला २०२० पासून 'सबको' आहे. पुण्यातही भाजणारे आहेत. कॉफी पिण्यासाठी आता बंगळूरला ओळख असावी लागत नाही.

लेबलवर काय पाहावे? सर्वांत आधी भाजल्याची तारीख. पॅकिंगची तारीख नव्हे. दोन्हींत महिन्यांचे अंतर असू शकते. 'अमुक महिन्यांपर्यंत उत्तम' ही ओळ तर ताजेपणाबद्दल काहीच सांगत नाही. ती कायद्याची गरज आहे, चवीची हमी नाही. भाजल्याची तारीख छापलेली नसेल तर तो माल घेऊ नये. माझ्या १५ किलोवर ती नव्हती, आणि मला विचारायचे सुचलेही नव्हते.

दुसरे, जात. अरेबिका आणि रोबस्टा अशा दोन मुख्य जाती. अरेबिका उंचावर होते, चव नाजूक, किंचित आंबूस, महाग. रोबस्टा कडक, कडवट, तिच्यात कॅफिन जवळजवळ दुप्पट, आणि आपल्या देशातले सुमारे ७० टक्के उत्पादन तिचेच. रोबस्टा म्हणजे वाईट असे नाही. दुधात ती चांगली उभी राहते. पण '१०० टक्के अरेबिका' म्हणून पैसे घेतले असतील तर तसे पुडीवर लिहिलेले असावे.

तिसरे, 'प्लांटेशन ए', 'एए', 'पीबी' ही अक्षरे. हे आकाराचे प्रकार आहेत, चाळणीच्या भोकावरून ठरविलेले. 'प्लांटेशन' म्हणजे पाण्याने धुऊन काढलेली अरेबिका, आणि न धुता फळासकट वाळविलेली ती 'चेरी'. मोठा दाणा म्हणजे चांगली चव, असे नसते. पन्हा मोठा म्हणून कापड चांगले होत नाही, तसेच. समान आकाराचा फायदा एवढाच की भाजणी एकसारखी होते.

चौथे, ठिकाणाचे नाव. कूर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुडनगिरी अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि अराकू व्हॅली अरेबिका या पाचांना २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. मॉन्सून्ड मलबारला ते आधीच मिळालेले होते. हा मॉन्सून्ड मलबार मोठा मजेचा माल आहे. हिरवे दाणे पश्चिम किनाऱ्यावर मंगळूरकडच्या उघड्या गोदामांत पावसाळी वाऱ्यात पसरून ठेवतात. ते ओल घेऊन फुगतात, पिवळट होतात, आंबटपणा जातो. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना माल असा होत असे, लोकांना तीच चव आवडू लागली होती, म्हणून आता मुद्दाम तसे करतात. पण लक्षात घ्या, हा हिरव्या दाण्याचा प्रकार आहे. भाजलेल्या दाण्याला मावळातली ओल लागली तर मॉन्सून्ड मलबार होत नाही. माझ्या गोदामात जे झाले ते होते.

मळ्यांची नावेही पाहावीत. बिळिगिरीरंगन डोंगरातला अट्टीकन मळा प्रसिद्ध आहे. 'रत्नागिरी इस्टेट' असे लिहिलेले पाहून आमच्या एका कोकणी व्यापारी दोस्ताला फार अभिमान वाटला. तो मळा चिकमगळूरकडचा आहे, आपल्या हापूसच्या रत्नागिरीशी त्याचा संबंध नाही.

चिकोरीबद्दल दोन शब्द. चिकोरी हे भाजलेले मूळ आहे. त्याने कॉफी दाट, काळी आणि स्वस्त होते. कायद्याप्रमाणे मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पुडीवर छापायला हवे. चिकोरी ही भेसळ नव्हे, सांगून विकलेले मिश्रण आहे, पॉलिएस्टर-कॉटनसारखे. ज्यांना दुधाची, साखरेची, स्टीलच्या पेल्यातली फिल्टर कॉफी आवडते त्यांनी माटुंग्याच्या किंवा आपल्या शहरातल्या दाक्षिणात्य दुकानातून २० टक्के चिकोरीची ताजी पावडर घ्यावी आणि सुखाने प्यावी. त्यांनी मळ्याच्या महाग दाण्यावर पैसे घालविण्याचे कारण नाही. दूध-साखरेखाली तो फरक बुडून जातो.

आता मागविण्याचे. पूर्वी व्ही. पी. पी. ने माल येई, पोस्टमनला पैसे देऊन पार्सल सोडवावे लागे. आता मोबाइलवर काम होते. दाणा शक्यतो भाजणाऱ्याकडूनच थेट मागवावा. मोठ्या ऑनलाइन बाजारांत तोच ब्रँड दहा-वीस रुपयांनी स्वस्त दिसतो, पण ती पुडी कुणाच्या तरी गोदामात किती दिवस पडून आहे ते कळत नाही. बरेच भाजणारे आठवड्यातले ठरलेले दिवस भाजतात. तो दिवस फोनवर विचारावा आणि त्याच्या आदल्या दिवशी मागणी नोंदवावी. आठवड्याच्या सुरुवातीला निघालेला माल शनिवार-रविवार कुरियरच्या शेडमध्ये अडकत नाही.

वडिवळ्यासारख्या गावांची अडचण वेगळी आहे. धरणाच्या आतल्या बाजूला मोबाइलची रेंज येते-जाते. कुरियरचा पोऱ्या कामशेतहून फोन लावतो, लागत नाही, आणि 'ग्राहक उपलब्ध नाही' असा शेरा मारून पार्सल परत पाठवितो. भाच्याची दोन पार्सले अशी परत गेली. शेवटी त्याने कामशेतच्या बाजारातल्या एका ओळखीच्या किराणा दुकानदाराला विचारून त्याचा पत्ता दिला. गुरुवारी तो भाजी आणायला जातोच, तेव्हा पार्सल घेऊन येतो. आडगावच्या वाचकांनी असाच तोडगा काढावा. स्पीड पोस्टने पाठवतात का, हेही विचारावे. पोस्टमन गावात पोहोचतो.

किती मागवावे? इथे माझ्यासारख्या घाऊकवाल्यांनी मन आवरावे. एका कपाला १५ ग्रॅम धरले तर पाव किलोत १६ कप होतात. पाव किलो चांगला दाणा साधारण साडेचारशे ते सातशे रुपयांत येतो. ५५० रुपये आणि कुरियरचे ६० धरले तर कपाला ३८ रुपये दाण्याचेच पडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती. ब्राझीलमधल्या दुष्काळाचा तो परिणाम होता, आणि त्याची झळ आपल्या पुडीपर्यंत आली. भाच्याकडे शनिवार-रविवारी तीस-बत्तीस कप जातात, इतर दिवशी फारसे नाही. म्हणजे आठवड्याला अर्धा किलो. पंधरवड्याला एक किलो, पाव-पाव किलोच्या चार पुड्यांत, हा त्याचा हिशेब बसला. एकच किलोची पुडी घेतली तर थोडी स्वस्त पडते, पण ती रोज उघडली जाते आणि तळाचा दाणा उतरलेला असतो.

साठवण हवाबंद डब्यात, उजेडापासून आणि चुलीपासून दूर, आणि मसाला, अत्तर, साबण, डांबराच्या गोळ्या यांच्या आसपासही नाही. लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर पुडी उघडी राहिली तर दाणा एका दिवसात मऊ पडतो. फ्रिजच्या खालच्या खणात ठेवू नये, तिथे ओल आणि मटणाचा वास दोन्ही असतात. जास्त दिवस ठेवायचेच असेल तर न उघडलेली पुडी बर्फाच्या कप्प्यात ठेवावी, बाहेर काढल्यावर पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मगच उघडावी आणि परत आत ठेवू नये.

दळण्याचे यंत्र नसेल तर विक्रेता दळून देतो. मात्र आपण फिल्टरमध्ये करणार की दाब देऊन गाळायच्या काचेच्या भांड्यात, ते सांगावे लागते, कारण दळण बारीक-जाडे असते. हाताने फिरवायचे छोटे यंत्र घेतले तर उत्तम. भाच्याकडे पाहुण्यांची मुले ते फिरवायला भांडतात.

माल हाती आला की पुडी उघडण्यापूर्वी लेबलचा फोटो काढून ठेवावा, भाजल्याची तारीख आणि १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक दिसेल असा. खाण्याचा माल म्हणून परत घेत नाही, असे सगळेच म्हणतात. चव आवडली नाही तर त्यांचे बरोबरच आहे. पण सांगितल्याहून वेगळा किंवा जुना माल आला तर तक्रार करता येते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचे असते. ते झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दोन वाचकांनी मला प्रत्यक्ष भेटीत विचारले, आपणच हिरवा माल आणून भाजून विकला तर? भाजणीचे छोटे यंत्रसुद्धा काही लाखांत जाते, एफएसएसएआयची नोंदणी लागते, आणि मुख्य म्हणजे जीभ लागते. ती शिकायला वेळ जातो. त्यापेक्षा कॅम्पातल्या किंवा लोणावळ्यातल्या ज्यांच्याकडे आधीच गिऱ्हाईक येते त्यांनी एखाद्या भाजणाऱ्याशी बोलून त्याच्या पाव किलोच्या दहा पुड्या दर आठवड्याला ठेवाव्यात, आणि तीन आठवडे झालेली पुडी तो बदलून देईल, असे लिहून घ्यावे. काही भाजणारे कबूल होतात. जे होत नाहीत त्यांना आपला माल किती दिवस टिकतो ते आपल्याहून चांगले ठाऊक आहे.

माझ्या फेकलेल्या ११ किलोंतले दोन-तीन किलो भाच्याने दळून गुलाबाच्या कुंड्यांत टाकले. पुण्याच्या त्या बाई डिसेंबरमध्ये पुन्हा आल्या होत्या. सहा दिवसांपूर्वी भाजलेला दाणा होता. त्यांनी दुसरा कप मागून घेतला, आणि जाताना पडद्याच्या कापडाचा भाव विचारला.